जावईबापू सावकाश जेवतात

धानोऱ्याचे किराणा दुकानदार शांतिलालजी दिवाळीला सासुरवाडीला निघाले, ते एक निश्चय करून : यंदा कमी जेवायचं, आणि प्रत्येक घास नीट चावून जेवायचं. एवढा साधा निश्चय! पण माणूस शांतिलालजी असला की साधं काही राहतच नाही.

मागच्या दिवाळीला त्यांनी चुरम्यावर असा काही हात मारला होता, की पंगतीतून उठवायला दोन मेहुणे लागले. बायकोच्या, लाडकंवरच्या, भावजया वर्षभर तेच आठवून हसल्या. म्हणून सासुरवाडीचं गाव प्रकाशा, तिथली देवळं दिसायला लागली तशी ती गाडीतच नवऱ्याला म्हणाली, "यंदा तरी माहेरात मन्हं नाक राखा. जरा बेतानं जेवा."

"तू देखतच ऱ्हाय," शांतिलालजी म्हणाले. चातुर्मासात महाराजसाहेबांनी सांगितलं होतं, पोट थोडं रिकामं ठेवावं, चित्त घासावर ठेवावं. ते त्यांना पटलं होतं. (पटायला बरेच चातुर्मास लागले, ही गोष्ट वेगळी.)

पाडव्याला सासरे उमेदमलजींच्या घरी पुरुषांची पंगत ऊन असतानाच बसली. जैनाचं घर; दिवस मावळला की कुणी अन्नाला शिवत नसे. पुरुष उठले की बायका बसणार. आणि जावई उठल्याशिवाय पुरुषांनी उठायचं नाही, हा रिवाज.

शांतिलालजींनी बाटीचा एवढासा तुकडा मोडला, तुपात बुडवला, डोळे मिटले आणि चावू लागले. आहाहा! गहू कळला, तूप कळलं, बाटीला लागलेली राखसुद्धा कळली. आजवर आपण जेवलोच नाही, नुसतं पोट भरलं, असं त्यांना वाटलं. खरंच सुख झालं हो त्यांना.

बाकीच्यांची ताटं रिकामी झाली. मेहुणा लालचंद म्हणाला, "काय जवाईबापू, जेवण गोड लागनं नही का?"

"गोड शे, म्हणीसनच तं हाळूहाळू खाई ऱ्हायनू."

दाराआड सासूबाई, तीजाबाई, मात्र कान देऊन होत्या. जावई खात नाहीत, म्हणजे काहीतरी बिघडलं! त्या जावयाशी बोलत नसत. त्यांनी लालचंदच्या हाती लापशी पाठवली. मग चुरमा, मग गट्ट्यांची भाजी. ताटात पडलेलं टाकणं म्हणजे पाप. शांतिलालजींनी तेही खाल्लं, चित्त लावून. पंगत रिकामी कशी बसवायची, म्हणून इतरांनाही वाढणं सुरूच राहिलं. उमेदमलजींनी धोतराची गाठ गुपचूप सैल केली.

ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. दाराआड बांगड्या वाजल्या. लाडकंवरच्या! वडिलांसमोर नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती बिचारीला. 'खूश झाली,' शांतिलालजींनी ओळखलं आणि घास आणखी लहान केला. बांगड्या जोरात वाजल्या. मग खोकला आला. मग एक वाटी आदळली. शांतिलालजींना भरून आलं. लग्न झाल्यापासून एवढं कौतुक पहिल्यांदाच होत होतं.

अखेर त्यांनी ताटात पाणी ओतलं, ताट धुऊन ते पाणी पिऊन टाकलं (हाही रिवाजच) आणि प्रसन्न मनानं उठले. या खेपेला मेहुणे लागले ते सासऱ्यांना उठवायला.

हात धुवायला शांतिलालजी मागच्या अंगणात गेले. भिंतीवर ऊन नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई, भावजया, लाडकंवर साऱ्या ओळीनं बसल्या होत्या आणि पुढ्यातली ताटं उपडी होती. दिवस मावळला होता. सणाचा दिवस, आणि घरातल्या यच्चयावत बायका सकाळपर्यंत उपाशी!

लाडकंवर उठून आडोशाला आली. "इतल्या बांगड्या वाजाड्यात, काय समजनात तुम्ही?"

"माले वाटनं, तू खूश व्हयनी."

तिनं कपाळावर हात मारला. शांतिलालजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या दिवाळीला उमेदमलजींनी जातीनं व्यवस्था केली. "जवाईबापूले कोणी घाई करानी नही," त्यांनी सगळ्यांना बजावलं. "त्यासले आरामात जेवू द्या." शांतिलालजी कृतार्थ झाले. फक्त त्या वर्षी रिवाज जरासा बदलला. आधी बायकांची पंगत बसली. मग पुरुषांची. मग जावईबापू, एकटेच.

तोवर बाटी एकच उरली होती, आणि भिंतीवरचं ऊन निघत आलं होतं. ती त्यांनी चावली की नाही, हे खुद्द शांतिलालजींनाही आठवत नाही.