सोनकांबळेंचे दगड

सोनकांबळेंना कुठलंही ऐतिहासिक ठिकाण दाखवा, त्यांचा निकाल ठरलेला. उदगीरच्या किल्ल्यात बुरुजासमोर कमरेवर हात ठेवून म्हणाले, "दगडच हायत की." औशाला तेच. कंधारला तर आत न जाता खंदकावरूनच म्हणून मोकळे झाले. आणि तरी दर सुट्टीला सहल काढणारे हेच. शनिवारी दुपारपासून टेबलाभोवती घुटमळायचे, "उद्या काय करून राहिले तुम्ही?" माणूस हदगावचा, 'राहिले'शिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नसे.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नव्या कचेरीत खुर्च्यांपेक्षा माणसं जास्त, सगळी कुठून कुठून बदलून आलेली. मी, शिरूर अनंतपाळचे बिराजदार आणि सोनकांबळे एका टेबलाला होतो. त्यांची बायको मागेच वारली होती. खोलीवर ते आणि त्यांचा स्टोव्ह.

वेळ अमावस्येला मात्र सहल नसे. त्या दिवशी लातूर ओस पडतं, सगळे रानात जेवायला जातात. ज्याला रान नाही त्याला कुणीतरी बोलावतं. सोनकांबळेंना गुंठाभरही जमीन नव्हती, ते पहिल्या वर्षापासून देवणीला आमच्या शेतात यायचे. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीत चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव, मांडून आई पूजा करायची. हे बांधावर पाठ करून बसायचे. "आमच्या बापानंच देव सोडले. भज्जी झाली की हाक मारा." मग हिरव्या दाण्यांची, बेसन लावून शिजवलेली ती भज्जी अशी चापायचे की आई खूश.

एका साली पाऊस झालाच नाही. टँकरच्या फेऱ्या लिहून आणि लोकांची बोलणी खाऊन आम्ही पार आंबून गेलो होतो. ज्वारी वीतभर येऊन वाळली. वेळ अमावस्या आली, तरी मला गावी जाववेना. वाळलेलं रान काय बघायचं? काम आहे म्हणून आईला निरोप धाडला. बिराजदारांनीही तेच केलं.

"मग खरोशाच्या लेण्या बघू," सोनकांबळे म्हणाले. मी इतका थकलो होतो की नाही म्हणायचाही कंटाळा आला.

एसटीत ते मांडीवर मडकं घेऊन बसले. त्यांची पिशवी उचलताना बिराजदार कण्हले. "दगड भरलेत का काय?"

"हाव. दगडच हायत."

लेण्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. पायथ्याच्या लिंबाखाली वाळक्या फांद्यांची वेडीवाकडी कोप उभी केली. ती दोनदा पडली. मग पिशवीतून एकेक दगड काढून मांडला. पाचही चुन्यानं माखलेले, भीम जरा थोराड. पाठ करून बसणाऱ्या या माणसाने सगळं बघून ठेवलं होतं.

"पूजा तुमची तुम्ही करा. मला जमत न्हाई. दगड मातर निवडून आणलेत."

बिराजदार खाली बसले आणि त्यांनी हात जोडले.

सोनकांबळेंनी स्टोव्हवर करून आणलेली भज्जी भिजवलेल्या हरभऱ्याची होती, मीठ दुप्पट. आम्ही भांडं पुसून खाल्लं. मग रानाभोवती शिंपायला म्हणून बिराजदारांनी मडक्यातून वाटीत आंबील घेतली आणि थबकले. "रान कुठंय?"

"हितंच शिंपा. दुष्काळ काय सातबारा बघून येत न्हाई."

संध्याकाळी फाट्यावर उभे होतो. दगड पुन्हा पिशवीत गेले होते. "टाकून द्यायचे की," मी म्हणालो.

"पुढच्या साली तुमच्या रानात लागतील." मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "बोलवाल नं?"

"दर साली बोलवतोच की."

"या साली कुणी बोलवलं न्हाई."

लातूरच्या गाडीआधी पलीकडून देवणीची गाडी आली. मी पिशवी उचलली आणि हात केला.

"कुठं निघून राहिले तुम्ही?"

"आई वाट बघून राहिली असेल. चढा."

तिघेही चढलो. सोनकांबळेंनी मडकं पुन्हा मांडीवर घेतलं. ते रिकामं असेल असं मला वाटलं होतं. आईपुरती आंबील त्यांनी आधीच राखून ठेवली होती.