शकुंतलेच्या डब्यावरील स्वारी आणि दुपट्ट्याचा निवाडा

समस्त वऱ्हाड प्रांतीचे थोर, बैठकीत बसणारे व पारावर टेकणारे, यांसी विदित व्हावे की, मूर्तिजापूर मुक्कामी शकुंतलेच्या ओसाड डब्यात जे रण माजले त्याच्या कंड्या फार पिकल्या. कोणी म्हणतात बिबट निघाला, कोणी म्हणतात धन निघाले. दोन्ही लबाड. खरे घडले ते येथे लिहिले असे, आणि ज्यास यात थट्टा दिसेल त्याने आपल्या मेव्हण्याशी एकदा भांडून पाहावे.

या प्रांती पूर्वापार दस्तूर ऐसा की, गाडी फलाटास लागता ज्याचा दुपट्टा खिडकीतून आत पडेल, जागा त्याची. मग तो दाराने मागाहून येवो, वाटेत चहा पिऊन येवो, जागा हलत नाही. तिकीट हा सरकारचा कागद, दुपट्टा हा जागेचा दाखला. आणि दुसऱ्याचा दुपट्टा उचलून बसणे हे शेजाऱ्याच्या कपाशीचा धुरा, म्हणजे बांध, कोरण्याएवढे पाप.

ते समयी शकुंतला, म्हणजे मूर्तिजापुराहून सुटणारी ती चिमुकली आगगाडी, अजून चालत होती. बोरखेडीचे मातब्बर कास्तकार सूर्यभानराव बाजार करून फलाटावर आले, तो गर्दी लोटलेली. मग खाशांनी, म्हणजे सूर्यभानरावांनी, खांद्यावरचा पिवळा दुपट्टा खिडकीतून आत फेकिला आणि थैल्या सावरीत, कोपरे मारीत दाराने आत पावले, तो खिडकीपाशी त्यांचे मेव्हणे पंजाबराव, कुटुंब दुर्गाबाई यांचे धाकटे बंधू, मांडी घालून बसलेले, आणि दुपट्ट्याचा मागमूस नाही. मग खाशांनी जाब पुसला आणि पंजाबरावांनी जबाब दिला की, "भाऊजी, अठी दुपट्टा नव्हताच. मी काय खाल्ला काय?" मग यांनी त्यांस चोर म्हटले आणि त्यांनी यांस लबाड म्हटले, तेही भर डब्यात, आणि खासे क्रोधायमान होऊन खाली उतरले व एसटीत उभ्याने घरी आले. पुढे गाडीही बंद पडली. रुळांत गवत माजले, डबे आडबाजूस उभे राहिले, आणि उभय घराण्यांचा बोलाचालीचा व्यवहार तोही त्याच रुळांवर गंजत पडला.

ऐसी वर्षे लोटली आणि सूर्यभानरावांची कन्या प्रणाली हिचे लग्न ठरले. नवरीस बोहल्यावर मामाने आणावे हा रिवाज. निमंत्रण घेऊन दुर्गाबाई स्वतः माहेरी गेल्या, तो पंजाबरावांचे फर्मान सुटले की, दुपट्टा टाकलाच नव्हता हे भाऊजींनी कबूल करावे, त्यावाचून मांडवात पाऊल घालणार नाही. इकडे खाशांचे उलट फर्मान की, मान जाईल परंतु दुपट्टा जाणार नाही. मग प्रणालीने तिसरे फर्मान काढिले, ते दोहोंवर वरचढ ठरले: "मामा नसन तं मी बोहल्यावर चढत नाई. मंग तुमी दोघंच बसा पाटावर."

मग दुर्गाबाईसाहेबांनी रात्रीच्या भाकरी थापता थापता मसलत केली आणि परात आपटून हुकूम फर्माविला की, "डबा तठीच उभा हाये. दुपट्टा भेटला तं पंजाब खोटा, नाई भेटला तं तुमी खोटे. आन मी संग येतो."

खाशांनी मान डोलाविली, परंतु झोप लागेना. कारण जे बाहेर कोणास ठाऊक नव्हते ते येथे लिहिणे भाग आहे: दुपट्टा फेकिल्याची शपथ खाशांनी इतक्या वेळा घेतली होती की आता फेकिल्याची याद कोणती आणि शपथेची कोणती हे त्यांस उमगेना. आपणच खोटे निघालो तर? लेकीच्या मांडवात खोटा बाप म्हणून कसे उभे राहावे?

दुसरे दिवशी उन्हे चढता कूच झाले. खासे स्प्लेंडरवर स्वार, मागे दुर्गाबाईसाहेब, हाती विळा आणि रसदीस चिवडा. पंजाबराव आपल्या स्कुटीवर वेगळ्या रस्त्याने आले, कारण एका रस्त्याने येणे म्हणजे निम्मा तह. डबा पाहिला तो, चहूकडे वेड्या बाभळीचा कोट, रंग उडालेला, दाराखाली फलाट नाही आणि पायरी कमरेएवढ्या उंचीवर. विळा चालवून वाट केली, तो छताखालून गांधीलमाश्यांची फौज चालून आली, आणि उभय सरदार माघारी असे पळाले की, बोलणे बंद असूनही एका दुपट्ट्याखाली, पंजाबरावांच्या, डोकी घालून बसले. हवा निवता दोघांसही भान आले आणि दोघे दोन दिशांस सरकले.

मग पायरीपाशी खाशांचा गुडघा दगा देता झाला. दुर्गाबाईसाहेब पदर खोचून आधी चढल्या आणि वरून हात दिला, खालून पंजाबरावांनी खांदा दिला, आणि खासे तुरीच्या पोत्याप्रमाणे आत दाखल झाले.

आत धूळ, पाखरांची घाण, लाकडी बाके. खाशांनी ती बदनाम खिडकी ओळखिली आणि छाती ठोकीत पुढे झाले. बाक रिकामे. खाली वाकले, मागे पाहिले, फटीत विळा घालून पाहिला, काही नाही. पंजाबरावांनी आपणही वाकून बाकाखाली पाहिले, आणि तेच खाशांस झोंबले. कबुलीचे शब्द त्यांच्या ओठांशी आले होते, लेकीखातर ते बोललेही असते, इतक्यात शेजारच्या बाकावरून गुरगुर ऐकू आली.

तेथे एक कुत्री पिले घेऊन पसरली होती, आणि तिच्या अंगाखाली मळके, विटके, कधीकाळी पिवळे असावे ऐसे कापड होते. खाशांनी गर्जना केली की हाच तो. पंजाबरावांनी हरकत घेतली की, "असे दुपट्टे बजारात गंजीनं पडले रायतात. अन् हे खिडकी तं बाजूची हाये." वाद पुन्हा पेटणार, तो दुर्गाबाईसाहेबांनी पाहिले की कापडाचे एक टोक खिडकीच्या पडलेल्या झडपेखाली चेमटले आहे. झडप गंजून बसलेली, एका गड्याने हलेना. खाशांनी एकट्याने जोर लाविला, फजीत झाले. मग पंजाबरावांनी एकट्याने लाविला, तेही फजीत झाले. मग दुर्गाबाईसाहेबांनी दोघांकडे असे पाहिले की दोघांनी एकदम हात घातला, आणि झडप कर्कश ओरडून वर गेली आणि टोक सुटले. त्यास एक गाठ होती, दुपेडी, वर पुन्हा आडवा फास.

दुर्गाबाईसाहेबांनी ते टोक पदराने पुसून पाहिले. ती गाठ त्यांचीच. धनी विसरभोळे म्हणून बाजारास निघता कामाची याद राहावी यास्तव त्या दुपट्ट्याच्या टोकास ऐसी गाठ मारून देत, हे सारी बोरखेडी जाणे. तेव्हा निवाडा आपोआप झाला. दुपट्टा फेकिला होता खरा, परंतु गर्दीत शेजारच्या खिडकीतून. वरून झडप पडली, दुसऱ्याचा दुपट्टा म्हणून त्या बाकास कोणी शिवले नाही, आणि भांडणाच्या भरात या दोघांनी तिकडे पाहिलेच नाही. खासे लबाड नव्हते आणि पंजाबराव चोर नव्हते. दोघे एवढी वर्षे खरे बोलत होते आणि दोघे खोट्यासारखे जगले.

मग पंजाबरावांनी, भाऊजींकडे न पाहता, बहिणीस पुसिले की, "बाई, गाठ कायची होती?"

दुर्गाबाईसाहेबांनी डोळ्यास पदर लाविला आणि मग संतापाने सांगितले की, "तुह्यीच होती रे. रोडगे करून ठेवले होते मी. यायले म्हटलं, पंजाब बजारात भेटन, त्याले संग जेवाले आणजा. हे आले एकटे, तोंड फुगवून. गाठ डब्यात रायली आन तू आमच्या टेसनावरून उपाशी गेला."

तेव्हा खाशांची मान खाली गेली, आणि पंजाबरावांनी खिडकीबाहेर पाहिले, जरी बाहेर बाभळीखेरीज काही नव्हते.

मग तह झाला, कलमे ऐसी की, गाठीचे टोक विळ्याने कापून दुर्गाबाईसाहेबांनी ओटीत घ्यावे, बाकी दुपट्टा कुत्रीस बहाल, कारण तो तिच्या अंगाखाली आहे आणि दस्तुराप्रमाणे जागा तिची, चिवडाही तिचा, आणि परतताना सर्वांनी एकाच रस्त्याने यावे. तैसेच झाले.

बोरखेडीस त्याच सांजेस गोवऱ्या पेटल्या, निखाऱ्यात कणकेचे जाड रोडगे भाजले, वांग्याची भाजी व वरण झाले. प्रणालीने मामास वाढले. पंजाबरावांनी तूप मागितले, मग आणिक मागितले, आणि हात धुण्यास उठता उठता भाऊजींच्या आग्रहावरून परत बसले. ते पोटभर जेवले हे डोळ्यांनी पाहून मगच दुर्गाबाईसाहेबांनी ओटीतले ते टोक काढिले आणि दातांनी गाठ सोडिली, कारण काम झाल्यावाचून गाठ सोडणे त्यांच्या घराण्यात नाही.

येणेप्रमाणे शकुंतलेचा डबा फत्ते झाला. या तहावर उभय सरदारांची निशाणी करावी ऐसा बेत होता. परंतु दोघांचेही हात वरणाने भरलेले होते, सबब निशाणी राहिली.