आवाज पास, चेहरा नापास

इटलीच्या डिस्को संगीतात गाणारी एक आणि दिसणारी दुसरी, ही फसवणूक नसून कामाची वाटणी होती. ‘फिओरा’ या नावाने गाजलेल्या जोडीत फिओरा दिसायची आणि ग्रात्सिया गायची. चाळीस वर्षं ग्रात्सियाने पडद्यामागे स्टुलावर बसून समुद्र, चंद्र आणि प्रेम यांवर गाणी म्हटली. पुढे चंदेरी कपड्यांतल्या फिओराने ओठ हलवले आणि फुलं झेलली. मधेच डिस्को ओसरला. जोडी आधी जहाजांवर, नंतर फर्निचरच्या दुकानांच्या उद्घाटनाला आणि शेवटी शहाद्याजवळ लोणखेड्याच्या कला महोत्सवात आली. अनुदानासाठी एक परदेशी कलाकार आवश्यक होता आणि याहून स्वस्त परदेश समितीला मिळाला नव्हता.

येण्यासाठी ग्रात्सियाची अट एकच होती : या वेळी पुढे उभी राहून मी गाणार. फिओराने लगेच होकार दिला. तिचे गुडघे दुखत होते.

समितीचे सचिव हेमकांतभाई यांनी मात्र आधी फिओराचा फोटो असलेल्या फलकाकडे पाहिलं, मग ग्रात्सियाकडे.

“या बाई फलकावर नाहीत.”

“पण गातात याच,” दुभाषी म्हणून पकडून आणलेल्या संध्या मॅडम म्हणाल्या. एरवी त्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत.

“गात असतील. मान्यता फलकावरच्या चेहऱ्याला मिळालीय, मॅडम.”

“मग फिओराबाईंना उभं करा.”

“त्यांना गाता येतं?”

“नाही.”

“तेही चालणार नाही. गायन प्रत्यक्षच हवं. मागच्या वर्षी एक गायक नुसते ओठ हलवताना सापडला, तेव्हापासून समिती फार कडक आहे.”

दोघींची चाचणी झाली. निकाल लागला : एकीचा आवाज पास, चेहरा नापास, दुसरीचं उलट. उपसमितीने चहा घेऊन तोडगा काढला. मान्य चेहऱ्याने पुढे उभं राहायचं, मान्य आवाजाने मागे बसायचं. दोन्ही नियम पाळले गेले. ग्रात्सियाला स्टूल मिळालं.

पडद्यामागे चूल पेटलेली होती. बचतगटाच्या दालनासाठी गजराबाई खापरावर मांडे भाजत होत्या. गाणं सुरू झालं तसा त्यांचा हात थांबला.

“अवं बाई, गानं तू म्हनी ऱ्हायनी, आन टाया तिले काब?”

संध्या मॅडमनी ग्रात्सियाच्या कानात अर्थ सांगितला : गाणं तू म्हणतेस, मग टाळ्या तिला का? दोन कडव्यांच्या मधल्या वाद्यांत ग्रात्सियाने खांदे उडवले.

“मन्हं बी तसंच शे,” गजराबाई म्हणाल्या. “मांडा मी करस, फोटो अध्यक्षीणबाईना निंघस. ऊठ ना वं! मी उठनू ते मांडा जळी. तुन्हं काय जळस?”

तेवढ्यात वीज गेली. माइक मेला. फिओराचा आवाजाशी कधीच संबंध नसल्यामुळे तिच्या ते लक्षात आलं नाही. संध्याकाळच्या उजेडात ती निःशब्द प्रेम करत राहिली. शिट्ट्या सुरू झाल्या.

ग्रात्सिया उठली. पडदा सारून पुढे आली आणि आयुष्यात पहिल्यांदा, लोकांच्या डोळ्यांत बघत, मोकळ्या गळ्याने गायली. पहिल्या रांगेतली दोन माणसं स्तब्ध झाली. पण मैदान मोठं होतं आणि वारा उलटा. मागून कोणीतरी ओरडलं, “हाई बी नुसतं तोंड हालाडी ऱ्हायनी!”

“फसवणूक!” मैदान गरजलं.

वीज आली. हेमकांतभाईंनी तत्काळ दोघींचा कार्यक्रम रद्द केला आणि समाजाचा विश्वास पुन्हा उभा करण्यासाठी प्रामाणिकपणाची सामूहिक शपथ जाहीर केली. प्रमुख पाहुण्यांचा घसा बसल्याने शपथ ध्वनिमुद्रित होती. सगळे उभे राहिले, उजवे हात पुढे झाले. “मी अशी शपथ घेतो की,” कर्णे दणाणले, “मी कोणाचीही...”

वीज पुन्हा गेली.

मैदानात एकाच्याही तोंडून आवाज निघाला नाही. ओठ मात्र सगळ्यांचे हलत होते; हेमकांतभाईंचे, उपसमितीचे, फसवणूक ओळखणाऱ्या त्या मागच्या माणसाचेही. ग्रात्सियाने जाणकार नजरेने सगळ्यांकडे पाहिलं आणि दबक्या आवाजात संध्या मॅडमना विचारलं, “यांची गाणारी कुठे बसते?”

मॅडमचे ओठ शपथेत गुंतले होते.

तिसऱ्या रांगेत, वाचकहो, आपणही होतात. आपली हालचाल निर्दोष होती; फिओरानेसुद्धा कौतुकाने मान डोलावली.