रंगनाथ भाऊजींची वाळवी

रंगनाथ भाऊजी कुणाच्याही घरी गेले तरी बेल वाजवत नाहीत. दारापाशी उभे राहतात, खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढतात आणि त्याच्या मुठीनं चौकट खालून वर ठोकत जातात. कान लाकडाला, डोळे मिटलेले. आतल्या माणसानं दार उघडलं तरी डोळे उघडत नाहीत. नुसतं एक बोट वर करून थांबायला सांगतात. डॉक्टर पाठीला नळी लावून श्वास घ्या म्हणतो ना, तसा सगळा थाट. चौकट पुरती ऐकून झाली की मग "नमस्कार" म्हणतात. नवीन माणसाला वाटतं, यांनी नमस्कार चौकटीला घातला. आणि खरं सांगू का, तसं वाटण्यात नवीन माणसाचं काही चुकत नाही.

भाऊजी आमचे शेजारी. आमच्या ह्यांचे मित्र, म्हणून माझे भाऊजी. साखर कारखान्याच्या गोदामावर नोकरी करून रिटायर झाले. बाकीचे पुरुष रिटायर झाल्यावर देवाला लागतात, नाहीतर राजकारणाला. भाऊजी वाळवीला लागले. वाळवी त्यांना लागली म्हणा हवं तर, पण त्यांच्या तोंडावर म्हणू नका.

नगर जिल्हा म्हटलं की बाहेरच्या माणसाला उघडे माळ आणि पाण्याचे टँकर दिसतात. आमचं श्रीरामपूर पाटाच्या पाण्यावरचं. चारी बाजूंनी ऊस, खाली काळी माती, आणि आमची कॉलनी तर पाटाच्या कडेलाच. पावसाळ्यात भिंतींना माणसासारखा घाम फुटतो. पाण्यानं इथं सोनं पिकवलं असं सगळे म्हणतात. भाऊजी म्हणतात, "सोनं बी पिकलं आन वाळवी बी. सोन्याचे सत्कार झाले, वाळवीकडं कुनी बघितलं न्हाई."

ते बघतात. वाळवीला ते वाळवी म्हणत नाहीत, "ती" म्हणतात. "ती आली हुती." "ती वरच्या अंगानं गेलीय." त्यांची बायको शकूताई जिवंत होती तेव्हा एकदा नवीन कामवाली लावली होती. तिनं चार दिवस हे ऐकलं आणि पाचव्या दिवशी शकूताईला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "बाई, तुमी लई सोसता." शकूताई हसून हसून भिंतीला टेकली, तर आतून भाऊजी ओरडले, "भिंतीला टेकू नको, तिथं औषध मारलंय."

ह्या वैराचं मूळ एका फोटोत आहे. भाऊजींच्या लग्नाचा मोठा फोटो समोरच्या भिंतीवर होता. एका पावसाळ्यात तो जरा तिरका दिसला म्हणून शकूताईनं सरळ करायला घेतला, तर मागून मातीच माती पडली. वाळवीनं नवरदेव खाल्ला होता. सबंध. मुंडावळ्या, फेटा, बूट, काही सोडलं नाही. आणि शेजारची नवरी जशीच्या तशी, नथीचा मोतीसुद्धा शाबूत. शकूताईनं तो फोटो तसाच पुन्हा टांगला. "माझा चांगला आलाय, कशाला काढू?" म्हणाली. येणारा जाणारा विचारायचा, शेजारी कोण होतं हो? ती भाऊजींकडं बोट दाखवून सांगायची, "होते एक."

तेव्हापासून भाऊजींनी पुरुषार्थ हातात घेतला. कडुलिंबाचं तेल, हिंगाचं पाणी, डांबर, कसली कसली पावडर. त्यांच्या घरात पाऊल टाकलं की डोळ्यांतून पाणी यायचं आणि पाहुण्यांना वाटायचं घरात काही वाईट बातमी आहे. "वरनं रंग, आतनं भंग" हे त्यांचं ब्रीदवाक्य. नवीन बंगल्याला लावलं, पुढाऱ्याला लावलं, आमच्या कॉलनीतल्या एका नटव्या बाईलाही लावलं होतं, ते जाऊ द्या.

पुतण्यासाठी मुलगी बघायला नेवाशाला गेले होते. माझे मिस्टरही बरोबर होते, त्यांनीच सांगितलं. मुलगी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली तेव्हा सगळी मंडळी ओळीनं बसलेली आणि भाऊजींचे फक्त पाय दिसत होते. बाकीचे भाऊजी दिवाणाखाली. मुलीच्या बापानं घाबरून विचारलं, काही हरवलं का? भाऊजी जळमटं झटकत बाहेर आले आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मुलगी उत्तम हाय. पन तुमचा दिवान चार महिन्याचा सोबती हाय." लग्न जमलं ते केवळ मुलीच्या आजीमुळं. ती म्हणाली, जो माणूस दिवाणाची एवढी काळजी करतो तो आमच्या पोरीची करणार नाही का? लग्नात भाऊजींनी आहेर म्हणून औषधाचा पाच लिटरचा कॅन दिला. स्टेजवर. रिबिन लावून.

पण खरी कसोटी नागपंचमीला. पाटापलीकडं बाभळीखाली एक मोठं वारूळ आहे. आम्ही बायका लाह्या, दूध, हळदकुंकू घेऊन तिथं पूजेला जातो. भाऊजी आधीच जाऊन उभे.

"वहिनी, ह्ये नागाचं घर न्हाई. तिनं बांधलंय. तुमी दुश्मनाच्या किल्ल्याला दूध पाजताय."

"मग नाग कुठं राहतो?" मी म्हटलं.

"ह्यातच. पन भाड्यानं."

"मग भाडेकऱ्याची पूजा करतो आम्ही. मालकिणीशी तुमचं तुम्ही बघा."

शकूताईनं त्यांच्या देखत वारुळाला हळदकुंकू वाहिलं, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाई गं, फोटोत नेलास तेवढा पुरे. हा राहू दे." भाऊजी पाठ फिरवून उसाकडं बघत उभे राहिले. ते वारूळ त्यांनी कधी पाडलं नाही. एरवी गावातली वारुळं पाडायला स्वतःची पहार घेऊन जाणारा माणूस.

शकूताई गेली. मग आमचे हे गेले. आणि मग आमची ओळच रिकामी होत गेली. कुणाची पोरं पुण्याला, कुणाची हैदराबादला. म्हातारी माणसं एकेक करून त्यांच्याकडं जायची आणि जाताना किल्ल्या भाऊजींकडं. बंद घराला वाळवी हमखास लागते. "औषध नंतर," भाऊजी म्हणतात, "आधी घराला राबता पायजे. मानसानं दारं उघडावी, खुर्च्या सरकवाव्या, चार शब्द बोलावं. तिला गडबड सोसत न्हाई." म्हणून ते रोज एकेका बंद घरात जातात, खिडक्या उघडतात, खुर्च्या ह्या भिंतीच्या त्या भिंतीला लावतात आणि मोठ्यानं पेपर वाचतात. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटतं, घरात भांडण चाललंय. आता संध्याकाळी दिवे लागतात ते त्यांच्या घरात आणि माझ्या. चहाला ते माझ्याकडं. माझ्या चौकटी जितक्या वेळा ठोकल्या गेल्यात तितक्या वेळा देवळातली घंटा वाजली नसेल.

ह्या उन्हाळ्यात माझ्या संदीपनं ठरवलं की आई आता पुण्याला. तो काही वाईट मुलगा नाही. म्हणाला, पावसाच्या आधी ये, घर बंद करून टाकू, पुढचं पुढं बघू. नातवंडं आहेत, मलाही मोह होताच. मी हो म्हटलं आणि चहा देता देता भाऊजींना सांगितलं.

त्यांनी कप खाली ठेवला. "चांगलं हाय. पोराजवळ असावं मानसानं." मग टोपी घालून उठले. "किल्ली ठीवून जा," एवढंच म्हणाले. आणि गेले. कप अर्धा भरलेला.

तिसऱ्या दिवशी आले ते सरळ माझ्या आतल्या खोलीत. गहू ठेवायच्या कोठीमागं भिंतीवर बोट दाखवलं. जमिनीपासून वितीएवढी मातीची रेघ वर गेलेली. "वहिनी, तुमच्याकडं ती आली."

मला पहिल्यांदा आश्चर्य वाटलं ते भाऊजींच्या चेहऱ्याचं. एरवी कुठं वाळवी सापडली की ह्या माणसाला लॉटरी लागल्यासारखं होतं. सदऱ्याच्या बाह्या वर, स्क्रू ड्रायव्हर बाहेर, मातीची नळी फोडून आतल्या पांढऱ्या पळताना दाखवतात, पोरांना बोलावतात. आज हात मागं बांधलेले. मी वाकले तर म्हणाले, "हात लावू नका. बिथरंल. आता घर बंद करून चालायचं न्हाई. इथं मानूस पायजे."

मी संदीपला फोन लावला. तो पुण्याचा, त्याच्याकडं सगळ्याला उपाय असतो. "आई, टेन्शन घेऊ नको. नगरहून पेस्ट कंट्रोलवाला उद्या सकाळी पाठवतो. एका दिवसाचं काम. तुझं यायचं काही बदलत नाही." फोन स्पीकरवर होता. भाऊजींनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली आणि निघून गेले.

आता परका माणूस घरात येणार म्हटल्यावर आपण बायका काय करतो? झाडून घेतो. सकाळी कोठीमागं झाडू घातला आणि तो त्या रेघेला लागला. ती अख्खीच्या अख्खी खाली पडली. ठप्प असा आवाज करून. मी उचलली. वाळवीची नळी बोटानं दाबली की भुगा होतो, आतून ती पोकळ असते, तो त्यांचा जायचा यायचा रस्ताच असतो. ही भरीव. पोळ्याला मातीचे बैल करताना शेपूट वळतो ना आपण तळहातावर, तशी वळलेली. आणि भिंतीला चिकटवताना दाबलेल्या अंगठ्याचे ठसे, एकाखाली एक.

मी तिथंच खाली बसले. ते रेघ दाखवायला आले त्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, मी देवळात गेले होते, जाताना किल्ली त्यांच्याकडं दिली होती. डोळ्यांपुढं आलं, ह्या माणसाचा गुडघा वाकत नाही, जिना चढताना कठडा धरतो. पाटावर जाऊन चिखल आणला असणार. माझ्या कोठीमागं जमिनीवर बसला असणार. इतकी वर्षं जिच्याशी भांडला, तिचं काम स्वतःच्या हातानं करत.

हसू आलं. मग ते गेलं.

पेस्ट कंट्रोलवाला आला. पन्नाशीचा, बोलका गृहस्थ, हातात बॅटरी. एरवी भाऊजींनी त्याची अशी उलटतपासणी घेतली असती की तो पाणी मागता झाला असता. पण ते बाहेर ओट्यावर बसून राहिले, आत आलेच नाहीत. तो घरभर फिरला, चौकटी ठोकल्या, कपाटं सरकवली. भिंतीवर मातीचा नुसता डाग होता, तो बघितला, नखानं खरवडला. मग ओट्यापाशी येऊन म्हणाला, "मावशी, घर एकदम ठणठणीत आहे. कुणी सांगितलं तुम्हाला वाळवी आहे म्हणून?"

भाऊजी चपलेच्या अंगठ्याकडं बघत होते.

"कुणी कशाला सांगायला पाहिजे?" मी म्हटलं. "मी स्वतः बघितली. सकाळी झाडूनं पाडली. आत पांढऱ्या चालत होत्या."

"आता तर एकही नाही."

"मग लपल्या. परक्या माणसासमोर येतील का त्या? हे रंगनाथराव, ह्यांना विचारा, अख्ख्या तालुक्यात ह्यांच्याएवढी वाळवी कुणाला कळत नाही. तुम्ही औषध मारा आणि माझ्या मुलाला फोन करून सांगा की अजून लक्ष ठेवावं लागेल."

त्याचं काय जात होतं? दुकानदाराला गिऱ्हाईकच म्हणतंय, आणखी द्या. त्यानं तिथल्या तिथं संदीपला फोन लावला. साहेब, ह्या काळ्या मातीत धोका असतोच, एक पावसाळा घर उघडं राहिलेलं बरं, घरात कुणीतरी पाहिजे. संदीपनं कुरकुर केली आणि दिवाळीवर आला. दिवाळीचं दिवाळीत बघू, मी मनात म्हटलं.

तो औषध मारून गेला. मी चहा टाकला. भाऊजी आत आले, कोठीमागं गेले, त्या डागासमोर उभे राहिले. खुंटीवरचं फडकं ओलं करून आणलं आणि भिंत पुसू लागले. डाग गेल्यावरही पुसत होते.

"चहा निवतोय," मी म्हटलं.

ते येऊन बसले. माझ्याकडं न बघता, बशीत चहा ओतत, अगदी हळू म्हणाले, "वहिनी, तुमी त्याला म्हनलात, पांढऱ्या चालत हुत्या."

"हो."

"त्ये चुकलं. नळी फुटून उजेड पडला की त्या चालत न्हाईत. पळत्यात." त्यांनी बशीतला एक घोट घेतला. "संदीपनं परत इचारलं तर पळत हुत्या म्हना."

"पळत होत्या," मी म्हटलं. "सांगते."