रंग विचारणारे नाना

थेरगावच्या आमच्या सोसायटीत लिफ्टमध्ये लोक एकमेकांना "गुड मॉर्निंग" म्हणतात. समोरच्या फ्लॅटमधले नाना विचारतात, "आज रंग कोणता?"

नवीन माणसाला वाटतं, नवरात्राच्या साड्यांचं काही असेल. नानांना शौचाचा रंग हवा असतो.

मी इंग्रजी शाळेत शिकले. तिथे या गोष्टीला शब्दच नव्हता. दोन बोटं वर करायची आणि टीचरने मान हलवायची वाट बघायची. त्यामुळे नाना लिफ्टमध्ये शिरले की मी मोबाइलमध्ये डोकं घालायचे. नाना मोबाइलला सांगायचे.

"डांबरावानी काळी झाली तर वर पोटात रक्त गळतंय. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर घाबरायचं न्हाई. पांढुरकी, मातीवानी झाली तर पित्त उतरंना. हिरवी म्हंजी पालक, न्हाईतर जुलाब. फ्लश दाबायच्या आदी वळून बघायचं."

सत्यनारायणाच्या शिऱ्याची वाटी हातात धरून त्यांनी पिवळ्यावर बोलायला सुरुवात केली, तेव्हा सेक्रेटरींनी आपली वाटी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये सूचना लागली: सामायिक जागेत सभासदांना वैयक्तिक प्रश्न विचारू नयेत. बी विंगच्या मुलांनी तिच्याखाली तपकिरी स्केचपेनने काय काढलं ते सांगत नाही. सगळे हसले. माझे आईबाबाही.

याच सेक्रेटरींनी पुढे एकदा, जिन्यात कोणी नाही असं बघून, नानांच्या कानात स्वतःचा रंग सांगितला. मी आमच्या दाराआड होते. नाना म्हणाले, "मला काय दाखवता राव, डॉक्टरला दाखवा. चला, मी येतो संगं." गेलेही. सूचना मात्र अजून लिफ्टमध्ये आहे.

परवा रविवारी आईबाबा आळंदीला गेले होते. बेल वाजली. नाना बनियनवरच आले होते, चेहरा उतरलेला.

"पोरी, एक काम हाय. न्हाई म्हणालीस तरी राग न्हाई."

मी दाराची साखळी काढली नाही.

"मला लाल रंग कळत न्हाई. जन्मापासनं. चाकणला कंपनीत लाल अन् तपकिरी वायर उलटी जोडली, तवा पॅकिंगला टाकलं मला. फकस्त हिला ठावं व्हतं. मागं एकदा पोटात रक्त गळालेलं, तवा डॉक्टरनं मला रोज बघायला सांगितलेलं, मंग ही बघायची अन् सांगायची. ही गेली. आता दोन दिस गरगरतंय, अन् मला तर सगळं सारखंच दिसतंय."

"दादाला सांगितलं?" त्यांचा मुलगा शेजारच्या वाकडला राहतो.

"फोटो पाठवला. निळ्या खुणा झाल्या. मंग ब्लॉक केलं त्यानं." आणि लगेच मुलाची बाजू घेतल्यासारखं म्हणाले, "जेवत आसंल."

मी साखळी काढली.

त्यांच्या घरी नाना बाथरूमबाहेर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी आत गेले आणि पाहिलं. दोनदा पाहायची गरजच नव्हती.

"बीट खाल्लेलं न्हाई मी," ते भिंतीला म्हणाले.

"लाल आहे, नाना." आयुष्यात पहिल्यांदा मी अशा विषयावर तोंड उघडलं होतं.

"थोडं?"

"नाही."

"म्हंजी दवाखान्यात ठिवून घेतील." त्यांनी खुंटीवरचा शर्ट काढला. मी फोनवरून रिक्षा बोलावली. त्यांची बटणं वरखाली लागत होती.

"लाल म्हंजी कुंकवावानी का गं?"

"हो. तसंच."

"मला ते काळपट दिसायचं," नाना म्हणाले. "ही आरशापुढं लावायची अन् इचारायची, रंग शोभतोय का. मी म्हणायचो, लई शोभतोय."