उमेदवार मास्तर

मी टाइपरायटर शिकलो ते चिंचोक्यांवर.

एक सागवानी फळी, तिच्यावर डिंकाने ओळीत चिकटवलेले चिंचोके आणि प्रत्येक चिंचोक्यावर चुन्याने काढलेलं एकेक इंग्रजी अक्षर. हा आमच्या उमेदवार मास्तरांचा टाइपरायटर. समोर मांडी घालून बसायचं, मान ताठ ठेवायची, नजर भिंतीवर लावायची आणि बोटं चालवायची. चुना बोटांना लागायचा. दर शुक्रवारी मास्तर चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन सगळी अक्षरं पुन्हा काढायचे. एकदा उंदराने एक चिंचोका पळवला. त्या जागी मास्तरांनी सीताफळाची बी बसवली. ते अक्षर 'आर' होतं. पुढे खरं यंत्र समोर आलं तेव्हा माझं बोट कितीतरी दिवस त्या बारक्या बीला शोधत होतं.

"मास्तर, खरं यंत्र तुमी कुठं बघितलं?" मी एकदा विचारलं.

"औरंगाबादेत. सुभ्याच्या कचेरीत. खिडकीतून."

कुणाच्या तरी बैलगाडीतून मास्तर औरंगाबादेला गेले होते. कचेरीच्या खिडकीशी उभं राहून अक्षरांचा क्रम पाठ करायचा त्यांचा बेत होता. पहारेकरी हाकलायचा. मास्तर जवळच्या विहिरीला वळसा घालून परत यायचे. वरची ओळ पाठ झाली की झाडाखाली जाऊन मातीत लिहायची, मग मधली, मग खालची. पहारेकऱ्याला अखेर वाटलं, म्हातारा वेडा आहे. त्याने नाद सोडला आणि मास्तरांची खालची ओळ पूर्ण झाली.

ही गोष्ट अंबाजोगाईची. तेव्हा सरकारी कागदावर तिचं नाव मोमिनाबाद होतं. राज्य निजामाचं, कचेरी उर्दूची. माझा बाप शिंपी. मी उर्दूत मिडल पास झालो आणि बापाने मला मशीनवरून उठवलं. म्हणाला, "रंगनाथ, आता तू सुई धरायची न्हाई. कलम धर." पण कलम धरायला कुणी बोलवेना. माझ्यासारखी मिडल पास झालेली पोरं देवळाच्या पायऱ्यांवर बसून दिवस काढत होती. बापाने मग मला मास्तरांच्या दारात नेऊन सोडलं. फी म्हणून वर्षाला एक सदरा शिवून द्यायचं ठरलं. इतर पोरं ज्वारी आणायची, कुणी गूळ आणायचा. अत्तरवाल्याचा बशीर अत्तराचा फाया आणायचा आणि मास्तर तो कानात घालून दिवसभर खूश असायचे.

मास्तरांच्या जगात सगळ्या विद्या दोनच प्रकारच्या होत्या, ताज्या आणि शिळ्या. भाकरीबद्दल बोलावं तसं ते विद्येबद्दल बोलायचे.

"फारशी?"

"शिळी झाली, बे. माझ्या डोळ्यांदेखत."

"मोडी?"

"लई शिळी. सावकाराच्या घरी चालंल."

"उर्दू?"

"ताजी हाय. पण झाकून ठेवली पायजे. इंग्रजीचं वारं लागलंय तिला."

आणि कोणती विद्या कधी शिळी होणार याचा सुगावा लागावा म्हणून ते गावात येणाऱ्या प्रत्येक परक्या माणसाला गाठायचे. बार्शीहून कापसाचा दलाल आला, लातूरचा तेलाचा व्यापारी आला, कुणाच्या लग्नाचं वऱ्हाड उतरलं, की मास्तर हजर. सलाम करायचे आणि एकच सवाल करायचे, "तिकडं सध्या बाजार कशाचा हाय?" समोरचा कापसाचा, तुरीचा भाव सांगू लागला की हात हलवायचे. "ते न्हाई. माणसाचा बाजार. कसली माणसं घेतात?" एकदा दर्ग्यावर आलेल्या एका फकिराला त्यांनी हाच सवाल केला. फकीर म्हणाला, "दुआ का." मास्तर विचारात पडले. बऱ्याच दिवसांनी आम्हाला म्हणाले, "खरं हाय त्याचं. पण त्याची शिकवणी घेता येत न्हाई."

इंग्रजी अर्ज-पावत्यांचं वाचन रोजचंच असायचं. तारेची विद्या ताजी असल्याचं कळलं तेव्हा आम्ही तांब्यावर अडकित्ता वाजवून कट्‌ आणि कड्ड शिकलो. मोटारी येणार असं कळलं तेव्हा बाजेवर बसून परातीचं चाक फिरवलं. बशीर परात फिरवताना तोंडाने भोंगा वाजवायचा. मास्तर म्हणायचे, "भोंगा कमी, ब्रेक जास्त, मियाँ." शेजारची म्हातारी रोज संध्याकाळी येऊन आपली परात सोडवून न्यायची.

पण त्यांची खरी करामत म्हणजे साहेब होणं. उलट्या पायलीवर बसायचे, खांद्यावर लाल शाल टाकायचे आणि आमच्यातल्या एकेकाला बाहेरून आत बोलवायचे. त्यांच्याकडे तऱ्हेतऱ्हेचे साहेब होते. एक हैदराबादी नवाबसाहेब, जो कामाचं काही विचारायचा नाही, नुसतं बिर्याणीविषयी बोलायचा आणि आमच्या तोंडाकडे बघत राहायचा. एक पारशी इंजिनेर, ज्याला उत्तर संपायच्या आत दुसरं उत्तर लागायचं. आणि एक गोरा साहेब, जो काहीच बोलायचा नाही, फक्त समोरच्याच्या पायांकडे बघायचा. या गोऱ्यासमोर मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा सरकत सरकत दारापर्यंत मागे गेलो. शाल काढून मास्तर म्हणाले, "कावून घाबरतो? तो तुझ्या जोड्याकडं बघत हुता. तू त्याच्या जोड्याकडं बघ. त्याचे पण फाटलेले असतात कधीकधी."

मास्तरांना उमेदवार का म्हणत, ते बापाने मला सांगितलं होतं. त्या काळी कचेरीत उमेदवार असायचे. जागा निघेल या आशेवर बिनपगारी राबायचं, कागद उतरवायचे, शाई घोटायची, साहेबाचा हुक्का भरायचा. कुणाला वर्षात जागा मिळायची, कुणाला दोन वर्षांत. मास्तरांची तरुणपणीची सगळी वर्षं त्यात गेली. जागा निघत राहिल्या, मास्तर मात्र उमेदवारच राहिले. का, ते बापालाही ठाऊक नव्हतं. म्हणे, "नशीब त्याचं. अक्षर मोत्यासारखं, पण जागा न्हाई." बायको लग्नानंतर दोन पावसाळे बघून गेली होती. मूल नव्हतं. घरात ते, ती फळी आणि आम्ही.

मग शेजारच्या घाटनांदूरला रेल्वेचे रूळ आले.

त्या वर्षी मास्तरांना झोप नव्हती. आठवड्याच्या बाजारात घाटनांदूरहून येणाऱ्या गाडीवानांना ते चहा पाजायचे आणि स्टेशनात काय काय बांधलं ते विचारून घ्यायचे. अंगणात राखेने फलाट आखला. बशीर तिकीटबाबू, मी मालबाबू, शेजारची म्हातारी प्रवासी. म्हातारीने तिकिटाला चक्क भाव केला. मास्तर म्हणाले, "हिला फुकट सोडा. पण पावती द्या."

अखेर कळलं की रेल्वेचे साहेब घाटनांदूरला येऊन माणसं निवडणार. त्या पहाटे मास्तर आम्हा पोरांना घेऊन बैलगाडीत बसले. माझ्या बापाने शिवलेला नवा सदरा त्यांनी स्वतः घातला नाही, बशीरला घातला. बशीरच्या सदऱ्याला काखेत ठिगळ होतं.

स्टेशनच्या नव्या खोलीत साहेब बसले होते. हैदराबादचे, मवाळ चेहऱ्याचे, पांढऱ्या दाढीचे. आमच्या शिकवणीतल्या कुठल्याच साहेबासारखे नव्हते. बशीर आत गेला आणि हसत बाहेर आला. मी आत गेलो. साहेबांनी एक मालाची पावती इंग्रजीतून वाचायला लावली, तीच उर्दूत लिहायला लावली. मग खऱ्या टाइपरायटरवर बसवलं. माझी बोटं चालू लागली तसे साहेब उठून जवळ आले.

"कहाँ सीखे?"

मी दाराकडे बोट केलं. मास्तर बाहेर चिंचेखाली उभे होते.

साहेबांनी त्यांना आत बोलावलं. खुर्ची द्यायला लावली. मास्तर बसले नाहीत. साहेब म्हणाले की मालगोदामावर उर्दू आणि इंग्रजी दोन्ही येणारा एक पोक्त माणूस त्यांना हवा आहे. पोरं उद्या बदलीवर जातील, हा माणूस इथेच राहील. वयाची अडचण ते बघून घेतील. हे सगळं ते अगदी अदबीने बोलले. मग कलम उचललं.

"आपका इस्म-ए-शरीफ?"

मास्तरांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही.

साहेबांना वाटलं ऐकू आलं नसेल. त्यांनी पुन्हा नाव विचारलं. मास्तरांचा गळा हलत होता. कपाळावर घाम आला, टोपीच्या काठाखालून तो कानापर्यंत ओघळला. उजव्या हाताची बोटं धोतराच्या निऱ्यांवर काहीतरी लिहिल्यासारखी हलत होती. मला वाटलं आपण सांगावं, आणि तेव्हा लक्षात आलं की मला त्यांचं नाव माहीत नाही. आम्ही सगळे मास्तर म्हणायचो. गावही तेच म्हणायचं.

साहेब थांबले. बराच वेळ थांबले, हे त्यांच्याविषयी सांगायला हवं. मग कलम खाली ठेवून म्हणाले, "कोई बात नहीं." मास्तरांनी सलाम केला. इतका सुरेख सलाम आम्हाला कुणालाच कधी जमला नव्हता. पाठ न दाखवता, मागे मागे सरत ते बाहेर गेले.

आम्हा सगळ्यांना घेतलं. बशीरला विकाराबादकडे पाठवायचं ठरलं, मला बिदरला. इतरांना इथे तिथे. दुसऱ्याच दिवशी गाडीने निघायचं होतं. बशीर आणि बाकीची पोरं तिथेच राहिली. मला बापाचा निरोप घ्यायचा होता, म्हणून मी मास्तरांबरोबर त्याच बैलगाडीने परत निघालो.

वाटेत दोन्हीकडे ज्वारी कापून झालेली होती. मास्तर गाडीच्या मागच्या टोकाला पाय सोडून बसले होते. निम्मी वाट सरली. मग रस्त्याकडे बघतच म्हणाले, "नरहर."

"काय, मास्तर?"

"नाव माझं. नरहर गोविंद. नेकनूरचा. आता सांगता येतंय बघ."

मी सरकून त्यांच्या शेजारी पाय सोडून बसलो.

"कायमचं हाय हे. मामाच्या घरी वाढलो. मामा समोर उभा करायचा अन्‌ विचारायचा, तू कोण? इथं तुझं काय हाय? काय सांगायचं? काहीच न्हवतं. तवापास्नं कुणी खुर्चीत बसून नाव विचारलं की गळा बंद होतो. तहसिलीत दर खेपेला हेच झालं. साहेब चांगला असला तरी." टोपी काढून मांडीवर ठेवत ते म्हणाले, "आजचा लई चांगला हुता."

"मग आमाला कसं शिकवलं तुमी?"

"मी खुर्चीत बसून शिकवलं. तिथून सोपं असतंय."

गाडी घाटनांदूरकडून येताना लागणारा चढ चढली आणि देवळाचा कळस दिसू लागला. मी मास्तरांच्या दारात उतरलो. दिवस मावळायला अजून अवकाश होता. पाया पडून निघालो तर ते म्हणाले, "भाकर खाऊन जा."

इतक्या वर्षांत त्यांनी मला जेवायला थांबवलं नव्हतं. शिकवणी संपली की ते आम्हाला जवळजवळ हुसकून लावायचे, "घरी जा, आई वाट बघत असंल" म्हणून. मी बसलो. त्यांनी चूल पेटवली, भाकरी थापली. भाकरी एका बाजूने जाड झाली. पिठलं केलं, कांदा फोडला. आम्ही दोघं जेवलो. अंगणात राखेच्या फलाटावर कोंबड्या फिरत होत्या.

हात धुतल्यावर ते भिंतीला टेकून बसले. म्हणाले, "आता काही बोल."

"काय बोलू? काही विचारा की."

"न्हाई, आज सवाल न्हाई. तूच बोल. काहीपण. उद्यापास्नं इथं कुणी बोलणार न्हाई."

मग मी बापाचं सांगू लागलो. बाप शिवता शिवता मशीनशी कसा बोलतो, ती अडली की तिला माझ्या आईचं नाव घेऊन कसा रागावतो. आईने एकदा ते ऐकलं आणि दोन दिवस घरात कसा अबोला होता. मग बहिणीच्या लग्नातलं सांगितलं, नवरदेवाचा अंगरखा उलट्या बाहीचा शिवला गेला होता आणि तो बिचारा मांडवात हात वर करून बसला होता. मास्तर हसले. मला आठवतं तसं, साहेबाची शाल अंगावर नसताना ते मोठ्याने हसताना मी तेव्हाच पाहिलं. म्हणाले, "पुढं?"

पुढं मी माझ्या मामाच्या म्हशीचं सांगितलं. थोरल्या भावाचं सांगितलं. मग ओळखीच्या कुणाकुणाचं, मग काहीच घडलं नव्हतं अशा दिवसांचंही सांगितलं. ते मधून मधून "हां" म्हणत होते. मग "हां" येईनासं झालं. बघितलं तर मान खांद्यावर कलली होती, चष्मा घसरला होता, तोंड किंचित उघडं होतं.

बाहेर अजून उजेड होता. बाप वाट बघत असणार, आई शिदोरी बांधत असणार. पण मी बोलायचा थांबलो असतो तर त्या शांततेने ते जागे झाले असते असं मला वाटलं. म्हणून मी आवाज जरा खाली आणला आणि म्हशीचं पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.