अकरा मिनिटांचं मशीन

घरांचे नकाशे काढणाऱ्या त्या ऑफिसातला सगळ्यात जुना कॉम्प्युटर आरेखकाच्या टेबलावर होता. सकाळी नकाशा उघडायला तो अकरा मिनिटं घ्यायचा. तेवढा वेळ आरेखक खिडकीबाहेर बघायचा. ढग सावकाश सरकायचे आणि त्याच्या मनात त्याचं स्वतःचं घर उभं राहायचं. मनातलं ते बांधकाम आता जिन्यापर्यंत आलं होतं. त्या अकरा मिनिटांवर त्याचा भारी जीव होता.

अशात मॅडमनी फर्मान काढलं. वेगाच्या चाचणीत पाच हजारांखाली गुण मिळतील ते मशीन भंगारात.

"चाचणीचं काय घेऊन बसलात?" टायपिंगवाल्या ताई म्हणाल्या. "परीक्षेपुरतं कुणीही हुशार होतं."

"आकडा तो आकडा, ताई. त्याला ना नातं ना गोतं," आरेखक ठासून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी हजर झाला. मशीनचं झाकण काढून त्याने धूळ झटकली, तेव्हा आकडा आला तीन हजार. घरून आणलेला टेबलफॅन लावला, चार हजार. मग त्याला चेवच चढला. चाचणी सोडून बाकी सगळं त्याने बंद केलं, आणि आकडा गेला थेट सात हजारांवर.

मॅडमनी चष्मा सावरला. "अरे वा! ऑफिसात सगळ्यात चपळ मशीन तुमचंच की. मग रोज अकरा मिनिटं घेतं कोण?"

आरेखकाच्या तोंडचं पाणी पळालं. "मॅडम, या चाचण्यांचं काही खरं नसतं हो."

"काल तर ना नातं ना गोतं होतं," ताई पुटपुटल्या.

"उठा. मीच बघते." मॅडमनी झाकण लावायला लावलं, फॅन काढायला लावला आणि नकाशा उघडायला घेतला. दोन मिनिटं त्यांची बोटं टेबलावर वाजत राहिली. मग थांबली. समोरच्या पाण्याच्या टाकीवर एक गुबगुबीत ढग येऊन टेकला होता. नकाशा उघडून बराच वेळ झाला, तरी मॅडम हलेनात. ताईंनी खाकरूनही पाहिलं.

"गच्चीवर झोपाळा बसेल का हो?" मॅडमनी हळूच विचारलं.

"कुठल्या गच्चीवर?"

"असंच." त्या दचकून उठल्या. "तुमचं बरोबर आहे. चाचणी साफ खोटी. फारच मंद मशीन आहे हे. तुमच्या कामाचा खोळंबा नको, इथे मी बसते. तुम्ही आतल्या खोलीत माझं नवीन मशीन घ्या."

दुसऱ्या सकाळी आरेखक आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून बसला. खुर्ची पुढे ओढेपर्यंत नकाशा उघडलासुद्धा होता. त्याने वळून दारातून पाहिलं. खिडकीशी मॅडम हनुवटीला हात लावून बसल्या होत्या. त्याचं घर जिन्यावरच अडलं होतं, आणि गच्ची मात्र मॅडम बांधत होत्या.